मॅचच्या टेन्शनमध्ये श्वास कसा सांभाळायचा: पहिल्यांदा शिकणाऱ्यांसाठी स्टेप बाय स्टेप

स्कोअर बरोबरीत आहे, सर्व्हिस आपली आहे आणि बाहेरून कोणीतरी ओरडतं, "मोठा श्वास घे, मोठा श्वास!" आपण घेतो. खांदे कानापर्यंत वर जातात, छाती फुगते आणि धडधड आधी होती त्याच्यापेक्षा वाढते. मग वाटतं हे श्वासबिस सगळं थोतांड आहे, आपल्याला काही हे जमणारं नाही.

थोतांड नाहीये, फक्त सल्ला अर्धाच दिलेला असतो. मोठा श्वास घेऊन माणूस शांत होत नाही, तो सावकाश सोडून होतो, आणि तेही आधी सराव केलेला असेल तरच. मी टेबल टेनिस खेळते, त्यामुळे उदाहरणं तिकडची जास्त येतील, पण बाकी खेळांसाठी कुठे काय करायचं तेही खाली दिलंय. सगळ्या स्टेप एका दिवसात करायला जाऊ नका, तीन-चार आठवडे धरून चाला.

काय काय लागेल

- मोबाइलमधलं स्टॉपवॉच
- एक जाडसर पुस्तक (वाचायला नाही, पोटावर ठेवायला)
- छोटी वही, म्हणजे रोजचा आकडा लिहून ठेवता येतो
- हार्ट रेट दाखवणारं घड्याळ असेल तर उत्तम, नसेल तर मनगटावर दोन बोटं ठेवून पण काम भागतं

ॲप घ्यायची गरज नाही. घेतलंत तर ते घरच्या सरावापुरतं ठेवा, कारण कोर्टवर मोबाइल जवळ नसतो आणि स्क्रीनवर श्वासाबरोबर फुगणाऱ्या त्या गोलाची सवय लागली की त्याच्याशिवाय काही सुचत नाही.

१. आधी स्वतःच्या नाडीवर हे करून बघा

वाचता वाचताच करा. उजव्या हाताची पहिली दोन बोटं डाव्या मनगटावर, अंगठ्याच्या बाजूला ठेवा, नाडी सापडली की नाकाने हळूहळू श्वास आत घ्या आणि मग त्याहून हळू बाहेर सोडा. चार-पाच वेळा करा. बऱ्याच जणांना जाणवतं की आत घेताना ठोके जवळ जवळ पडतात आणि सोडताना त्यांच्यातलं अंतर वाढतं. तरुण आणि फिट लोकांमध्ये हे जास्त स्पष्ट कळतं, कोणाला नाही जाणवलं तर कदाचित घड्याळात आकडा हललेला दिसेल.

सगळी गंमत इथेच आहे. टेन्शन आलं की ॲड्रेनलिन सुटतं, हृदय पळायला लागतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं म्हणून बोटं गार पडतात, तोंडाला कोरड पडते आणि श्वास वर छातीत भरभर चालायला लागतो. यातल्या हृदयाला किंवा घामाला आपण "थांब" म्हणून सांगू शकत नाही. श्वास मात्र एरवी आपोआप चालतो आणि हातात घेतला तर आपलं ऐकतो. सोडताना व्हेगस नावाची नस हृदयाला ब्रेक लावते, म्हणून सोडणं लांबवलं की ब्रेक जास्त वेळ लागून राहतो. "घे" पेक्षा "सोड" महत्त्वाचं का, ते यावरून कळेल.

आता एक मोजमाप. शांत बसून एका मिनिटात किती श्वास होतात ते मोजा. बसलेल्या मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० होतात. आपण मोजतोय हे कळलं की श्वास बदलतो, त्यामुळे शक्यतो दुसऱ्या कोणालातरी गुपचूप मोजायला सांगा. आकडा वहीत लिहून ठेवा.

२. श्वास पोटात उतरवा

उताणे झोपा, गुडघे वाकवा, बेंबीवर पुस्तक ठेवा. नाकाने श्वास घेताना पुस्तक वर गेलं पाहिजे, सोडताना खाली आलं पाहिजे, आणि छातीवर ठेवलेला दुसरा हात जवळपास हलता कामा नये. पोट मुद्दाम ढकलून पुस्तक उचलू नका, तसं केलं तर पुस्तक हलतं पण श्वास जिथल्या तिथेच राहतो. खालच्या बरगड्या बाजूला फाकल्यासारख्या वाटल्या तर बरोबर चाललंय.

रोज पाच मिनिटं, आठवडाभर. मग बसून करा, मग उभं राहून, आणि शेवटी आपल्या खेळाच्या पोझिशनमध्ये. ही शेवटची पायरी लोक गाळतात. टेबल टेनिसमध्ये आपण गुडघ्यात वाकून पुढे झुकलेले असतो, पोट आवळलेलं असतं, तिथे गादीवरचा श्वास आपोआप येत नाही, तो त्या पोझिशनमध्ये वेगळा शिकावा लागतो.

३. सोडणं लांबवा: ४ आत, ६ बाहेर

सगळ्यात जास्त वेळ द्यायची पायरी हीच. नाकाने ४ सेकंद आत, मग नाकाने किंवा ओठांचा चंबू करून ६ सेकंद बाहेर. १० सेकंदांचा एक श्वास म्हणजे मिनिटाला ६ होतात. या वेगाच्या आसपास श्वास आणि हृदयाचे ठोके एका लयीत येतात. कोणाची लय साडेपाचला बसते तर कोणाची साडेसहाला, त्यात एवढं अडकू नका.

गंमत म्हणजे हे लोकांना आधीपासून माहीत होतं. २००१ मध्ये बीएमजे या वैद्यकीय जर्नलमध्ये एक अभ्यास आला होता, त्यात लॅटिनमधली जपमाळेची प्रार्थना आणि "ओम मणि पद्मे हुम" हे दोन्ही म्हणताना श्वास मिनिटाला सहाच्या आसपास येतो असं दिसलं. ज्यांनी प्राणायाम केलाय त्यांना पूरकापेक्षा (श्वास आत घेणं) रेचक (बाहेर सोडणं) लांब ठेवायची सवय असतेच, त्यांनी ही पायरी पटकन उरकून पुढे जावं.

रोज १० मिनिटं करा, वेळ ठरलेली ठेवा. सुरुवातीला सहा सेकंद संपेपर्यंत जीव घाबरा होतो आणि पुढचा श्वास हिसकावून घ्यावासा वाटतो, तसं झालं तर ३ आत ४ बाहेर असं सुरू करा आणि दर तीन-चार दिवसांनी वाढवा. जबरदस्ती करायची नाही. पूर्ण रिकामं होईपर्यंत पिळून काढायचं पण नाही, दुधावर फुंकर घालतो तसा संथ सोडायचा.

४. खिशात एक छोटी युक्ती ठेवा

१० मिनिटांचा सराव हा पाया झाला. मॅचमध्ये आपल्याकडे पाच-दहा सेकंद असतात, त्यासाठी मी एकच युक्ती सुचवेन, डबल श्वासाचा उसासा. नाकाने श्वास घ्यायचा, तो भरत आला की त्याच्यावर अजून एक छोटा घोट घ्यायचा आणि मग तोंडाने लांब सोडून द्यायचा. रडून झाल्यावर लहान मूल हुंदका देऊन जसं श्वास घेतं ना, साधारण तसंच. फुप्फुसातल्या चिमलेल्या पिशव्या त्या दुसऱ्या घोटाने उघडतात. अशी एक किंवा दोन आवर्तनं पुरतात.

स्टॅनफर्डच्या टीमने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात लोकांनी रोज ५ मिनिटं असे उसासे महिनाभर टाकले, तेव्हा ध्यान करणाऱ्या गटापेक्षा त्यांचा मूड जास्त सुधारला आणि एरवीचा श्वासाचा वेगही उतरला. तो अभ्यास काही मॅच खेळताना केलेला नव्हता, त्यामुळे एका उसाशाने फायनल जिंकाल असं कोणी सांगितलं तर ऐकून सोडून द्या.

बाकी दोन प्रकार तुम्हाला सगळीकडे दिसतील. बॉक्स ब्रीदिंग म्हणजे ४ आत, ४ धरा, ४ बाहेर, ४ धरा. अमेरिकन नौदलाच्या नेव्ही सील कमांडोंमुळे हे फेमस झालंय आणि मॅचच्या आधी वाट बघत बसलेलं असताना चांगलंच आहे. ४-७-८ मध्ये सात सेकंद धरायचं आणि आठ सेकंद सोडायचं, हे आदल्या रात्री झोप येत नसेल तेव्हा करा. दोन्हीत श्वास धरावा लागतो, म्हणून रॅली संपल्यावर धाप लागलेली असताना ही दोन्ही बाद. त्या वेळी शरीराला कार्बन डायऑक्साइड बाहेर फेकायचा असतो आणि तुम्ही झाकण लावून बसलात तर घाबरल्यासारखंच होणार.

५. तुमच्या खेळात रिकामी जागा कुठे आहे ते शोधा

श्वासाची टेक्निक येते पण मॅचमध्ये आठवत नाही, ही सगळ्यांची तक्रार असते. आठवणार कशी, तिला जागाच दिलेली नसते! "टेन्शन आलं की करेन" हा प्लॅन चालत नाही कारण टेन्शन आल्यावर डोकंच चालत नाही. ठरलेल्या जागी, टेन्शन असो नसो, दर वेळी करायचं. ०-० असताना पण आणि ९-१० असताना पण.

आता जागा बघा.

टेनिसमध्ये दोन पॉइंटच्या मध्ये २५ सेकंद मिळतात आणि साइड बदलताना ९० सेकंद. २५ सेकंद म्हणजे भरपूर झाले. पहिले काही सेकंद नेटकडे पाठ करून चाला आणि श्वासाला त्याच्या मनाने येऊ द्या, मग एक उसासा, मग पुढचा पॉइंट कसा खेळायचा ते ठरवा, मग बॉलचे टप्पे.

टेबल टेनिसमध्ये दर ६ पॉइंटनंतर टॉवेल घेता येतो, दोन गेमच्या मध्ये १ मिनिट असतं आणि मॅचमध्ये एक टाइमआउट मिळतो. टॉवेल घ्यायला जाणं म्हणजे फुकटचा श्वास आहे आणि घाम नाही म्हणून तो न घेणारे लोक बघितले की मला कळत नाही काय बोलावं. टॉवेलमध्ये तोंड घाला आणि आतल्या आत एक लांब श्वास सोडा, समोरच्याला कळत पण नाही. सर्व्हिसच्या आधी माझं असं असतं: मोकळा तळहात नेटजवळ टेबलवर पुसायचा, पुसता पुसता श्वास घ्यायचा, बॉल तळहातावर ठेवताना सोडायचा, खांदे खाली आलेले जाणवले की मगच बॉल वर फेकायचा. एवढंच. मोजणं वगैरे काही नाही.

बॅडमिंटनमध्ये २१ च्या गेममध्ये ११ वर ६० सेकंद आणि दोन गेमच्या मध्ये १२० सेकंद मिळतात, पण पॉइंटच्या मध्ये रेंगाळलात तर अंपायर बोलतो. म्हणून तिथे उसासा शटल उचलायला जाताना टाकायचा, सर्व्हिसच्या जागी उभं राहून नाही.

बास्केटबॉलच्या फ्री थ्रोला फिबाच्या (आंतरराष्ट्रीय संघटना) नियमाने बॉल हातात आल्यापासून ५ सेकंद असतात, एनबीए या अमेरिकन लीगमध्ये १०. ५ सेकंदात ४-६ बसतच नाही, त्यामुळे रेफ्री बॉल देण्याआधी एक श्वास उरकून घ्या आणि बॉल हातात आल्यावर फक्त एकदा सोडा. व्हॉलीबॉलच्या सर्व्हिसला शिट्टीनंतर ८ सेकंद असतात, तिथे उलट होतं, शिट्टी वाजली रे वाजली की लोक बॉल उडवतात. ८ सेकंद वापरा की!

फुटबॉल पेनल्टीचं पण तेच. नॉर्वेचे अभ्यासक गेइर योर्डेट यांनी मोठ्या स्पर्धांमधली शूटआउट बघून मांडलंय की शिट्टी झाल्या झाल्या घाईने मारणाऱ्यांचे गोल कमी होतात. शिट्टीनंतर एक पूर्ण श्वास सोडून मगच पळायला लागायचं, गोलकीपर थांबतो, काही पळून जात नाही.

क्रिकेटमध्ये बॅट्समनला दोन बॉलच्या मध्ये आणि बोलरला मार्ककडे परत जाताना वेळच वेळ असतो. कबड्डीत रेड ३० सेकंदांची आणि त्यात दम धरून "कबड्डी कबड्डी" चालू ठेवायचं, म्हणजे जे काही करायचं ते रेषा ओलांडायच्या आधीच. पळण्याच्या आणि पोहण्याच्या शर्यतीत स्टार्टरने जागेवर बोलावण्याआधी, कारण एकदा "सेट" झाल्यावर श्वासाकडे लक्ष गेलं की स्टार्ट गेला.

शूटिंग आणि तिरंदाजीत मामला वेगळा आहे, तिथे श्वास हाच टेक्निकचा भाग असतो. रायफलवाले साधारणपणे श्वास सहज सोडून झाल्यावर जो नैसर्गिक थांबा येतो त्यात ट्रिगर दाबतात, आणि तो थांबा काही सेकंदांपुरताच, जास्त ताणला की नजर आणि हात दोन्ही हलायला लागतात. तो क्षण गेला तर रायफल खाली घेऊन परत सुरुवात करायची. तिरंदाजीत वैयक्तिक मॅचमध्ये आळीपाळीने एका बाणाला २० सेकंद मिळतात, त्यात समोरचा मारत असतानाचा वेळ तुमचा श्वासाचा वेळ समजा. या दोन खेळांत कोचला विचारल्याशिवाय स्वतःचं काही घुसवू नका.

६. धाप लागलेली असताना सराव करा

घरात पंख्याखाली बसून शांत होणं कोणालाही जमतं. प्रॅक्टिसच्या शेवटी ३० सेकंद जोरात बर्पी (खाली हात टेकून, पाय मागे टाकून परत उडी) किंवा शटल रन (दोन खुणांमध्ये ये-जा पळणं) करा आणि लगेच १० सर्व्हिस, किंवा १० फ्री थ्रो, जे तुमचं असेल ते. प्रत्येकाच्या आधी ठरलेला श्वास घ्यायचाच. शक्य असेल तर पैज पण लावा, हरणाऱ्याने सगळ्यांचे बॉल गोळा करायचे, चार जण बघत उभे. एवढ्यानेही हात थरथरायला लागतात, आणि मॅचच्या जवळ जाणारं जे काही मिळेल ते हवंच आहे.

दमल्यावर उभं कसं राहायचं याचं पण सांगते. "वाकू नको, हात डोक्यावर ठेव" हे आपण सगळ्यांनी ऐकलंय. महिला फुटबॉलपटूंवर २०१९ मध्ये झालेल्या एका छोट्या अभ्यासात मात्र गुडघ्यांवर हात टेकून वाकलेल्यांचा हार्ट रेट जास्त लवकर खाली आला. त्यामुळे बिनधास्त वाका, दम खा, आधी श्वास येईल तसा भरभर येऊ द्या आणि तो जरा शांत झाल्यावर मगच सोडणं लांबवा. नाकाने की तोंडाने यावर भांडत बसू नका. घरी सराव नाकाने, जोरदार खेळताना तोंड आपोआप उघडतं आणि उघडलंच पाहिजे.

७. मॅचच्या दिवशी

सकाळी ५ मिनिटं ४-६. वॉर्मअपनंतर, नाव पुकारायच्या आधी परत एक-दोन मिनिटं. नाव पुकारल्यावर अजून श्वास करत बसायचं नाही, उड्या मारा, अंग गरम ठेवा.

हे सांगायचं कारण म्हणजे माणूस जास्त शांत होऊन पण हरतो. येर्क्स आणि डॉडसन या दोघांनी १९०८ मध्ये उंदरांवरच्या प्रयोगातून जे मांडलं त्यातून पुढे ही कल्पना आली की उत्तेजना फार कमी असली तरी कामगिरी घसरते आणि फार जास्त असली तरी. नेमबाजाला कमी लागते, वेटलिफ्टरला जास्त. तुम्ही जांभया देत कोर्टवर जात असाल, पाय जड वाटत असतील तर तुम्हाला शांत व्हायची गरजच नाहीये, उलट काही जोरकस, भरभर श्वास आणि थोडी धावपळ पाहिजे. पोटात थोडा गोळा येणं नॉर्मल आहे, तो पूर्ण घालवायच्या मागे लागू नका.

लोक फसतात त्या जागा

- नवीन टेक्निक थेट मॅचमध्ये ट्राय करणं. निदान तीन आठवडे मुरू द्या.
- मॅचच्या आधी शांत व्हायला कपालभाती करणं. ते भरभर श्वासाचं काम आहे, त्याने चढायला होतं, उतरायला नाही.
- एकामागून एक मोठमोठे श्वास घेत सुटणं. कार्बन डायऑक्साइड प्रमाणाबाहेर कमी झाला की मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकसतात, चक्कर येते, ओठ आणि बोटांना मुंग्या येतात. मुंग्या आल्या तर श्वास कमी करा, वाढवू नका.
- चालू रॅलीत श्वास मोजणं. बॉल येतोय, त्याच्याकडे बघा.
- दर पॉइंटला घड्याळात हार्ट रेट बघणं. १६० दिसला की तो १६५ होतो.
- पोहणाऱ्यांनी हे नीट वाचा: बुडी मारण्याआधी भरभर श्वास घेऊन जास्त वेळ पाण्याखाली राहायचा प्रयत्न कधीही करू नका. श्वास घ्यायची इच्छा कार्बन डायऑक्साइडमुळे होते, तो आधीच उडवून दिला तर इच्छा व्हायच्या आत माणूस पाण्यात बेशुद्ध पडतो. अशाने चांगले पोहणारे पण गेलेत. श्वास धरायचा कोणताही सराव पाण्यात एकट्याने नाही.

डॉक्टरकडे कधी

खेळताना छातीत दुखणं, डोळ्यांपुढे अंधारी येऊन पडणं, किंवा श्वास सोडताना छातीतून शिट्टीसारखा आवाज येणं हे टेन्शन नाही, त्यावर उसासे टाकत बसू नका, खेळ थांबवा. काही जणांना व्यायामानेच दम्यासारखा त्रास होतो आणि तो वर्षानुवर्षं "घाबरतो जरा" म्हणून खपवला जातो. इन्हेलर असेल तर तो किटमध्ये सगळ्यात वरच्या कप्प्यात. हृदयाचा त्रास, हाय बीपी किंवा गरोदरपण असेल तर श्वास धरायचे प्रकार विचारल्याशिवाय करू नका, साधं ४-६ बहुतेकांना चालतं पण तेही एकदा विचारून घ्या. आणि मॅच नसताना पण रात्री अपरात्री धडधडून जाग येत असेल, खेळायला जायचीच भीती वाटायला लागली असेल तर ते एकट्याने श्वासावर सोडवायचं काम नाही, मानसतज्ज्ञांना भेटा.

८. तुम्ही कोच किंवा पालक असाल तर

"टेन्शन घेऊ नको" हे वाक्य बंद करा, आजवर त्याने कोणाचं टेन्शन गेलेलं मी पाहिलं नाही. "मोठा श्वास घे" ऐवजी "सोड" म्हणा, किंवा आधीच ठरवून घेतलेली एखादी खूण करा, तळहात सावकाश खाली नेला तरी पुरतो. टाइमआउटमध्ये खेळाडू आला की पहिले १५ सेकंद तोंड बंद ठेवा, पाणी पिऊ द्या, श्वास बसू द्या. तुम्हीच भरभर बोलत असाल तर तो पण तसाच श्वास घ्यायला लागतो. मग एक गोष्ट सांगा, फार तर दोन, आणि टेबलकडे परत चालत जाताना त्याला मागून तिसरी ओरडून सांगू नका.